परदेशवारीला कोणती कॅमेरा बॉडी न्यायची?

व्हिसा लागला की घरातल्या कॅमेऱ्यावरून दोन प्रश्न निघतात. आहे तोच न्यायचा की नवा घ्यायचा? आणि घरात दोन असतील तर कुठला? दोन्ही प्रश्न बॉडीपासून, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यापासून, सुरू होतात आणि म्हणूनच अडकतात. बॉडी सगळ्यात शेवटी ठरवायची. आधी पाहायचं ते आपण किती रुंद आणि किती लांबचं टिपतो, मग दिवसभर गळ्यात किती वजन राहणार, मग सर्वांत अंधाऱ्या जागी किती उजेड हाती लागणार. एवढं कागदावर उतरलं की बॉडीचं नाव बहुतेक वेळा आपोआप पुढे येतं, आणि बऱ्याचदा ती कपाटातलीच निघते.

आधी जुने फोटो मोजा

मागच्या एखाद-दोन सहलींचे फोटो कॉम्प्युटरवर उघडा. लाइटरूम हे फोटोंचं सॉफ्टवेअर असेल तर लायब्ररीतल्या मेटाडेटा फिल्टरमध्ये फोकल लेंग्थ (लेन्स किती रुंद किंवा लांबचं टिपते तो मिलिमीटरचा आकडा) आणि आयएसओ (कमी उजेडात कॅमेरा किती ताणला तो आकडा) हे दोन रकाने लावा. नसेल तर डिजीकॅम फुकट मिळतं. तेही नको असेल तर विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘डिटेल्स’ निवडून हे रकाने जोडता येतात. मोजायचे मात्र फक्त ठेवलेले फोटो: ज्यांची प्रिंट काढली, जे नातेवाइकांच्या ग्रुपवर गेले. काढलेले सगळे मोजलेत तर एकाच कबुतराचे चाळीस फोटो हिशेब बिघडवतील.

आकडे वाचताना सेन्सरचं, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपचं माप लक्षात ठेवा. फुल फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर. एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६, कॅननचा किंचित लहान. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३. त्यामुळे निकॉन, सोनी, फुजीच्या एपीएस-सी बॉडीवरच्या आकड्याला १.५ ने गुणायचं, कॅननच्या १.६ ने, मायक्रो फोर थर्ड्सच्या २ ने. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सचं १८-५५ म्हणजे फुल फ्रेमच्या भाषेत २७-८२.

बहुतेकांच्या यादीत दोन ढीग दिसतात. एक झूमच्या अगदी रुंद टोकाला, दुसरा ३५ ते ५० च्या आसपास माणसांच्या फोटोंचा. २०० च्या पुढचे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील तर ५५-२५० किंवा ७०-३०० ची लांब लेन्स घरी ठेवा. तिच्यासाठी मोठी बॅग, मोठ्या बॅगेसाठी मजबूत बॉडी, अशी साखळी तिथूनच सुरू होते.

मग वजन करा, ब्रोशरमधलं नाही

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा. बॉडी, बॅटरी, कार्ड, लेन्स, फिल्टर, पट्टा असं सगळं एकत्र ठेवा. ब्रोशरमध्ये कधी बॅटरीशिवायचं वजन असतं, कधी बॅटरीसकट, त्यामुळे दोन मॉडेलची तुलना करताना हमखास फसगत होते.

खालची सगळी वजनं बॅटरी-कार्डासकट आहेत. निकॉन डी७५० आठशे चाळीस ग्रॅम. सोनी ए७ मार्क ४ सुमारे ६५९, तर त्याच घरातली ए७सी मार्क २ फक्त ५१४. फुजी एक्स-टी५ ५५७. सोनी ए६७०० ४९३. कॅनन आर८ ४६१. ओएम-५ ४१४. खिशात मावणारा रिको जीआर ३ तर अवघा २५७ ग्रॅम.

नुसत्या बॉडीच्या आकड्यावर भाळू नका. आर८ हलकी आहे, पण तिच्यावर ७०० ग्रॅमची आरएफ २४-१०५ एफ/४ एल चढवली की हलकेपणा संपला, आणि पुढचं टोक जड झाल्यामुळे मनगट आधी दुखतं. बॉडी आणि लेन्स मिळून एक किलोच्या आत, हा पायी फिरण्याच्या सहलीसाठी चांगला दंडक. ग्रुप टूरमध्ये दिवसाला दहा-बारा हजार पावलं सहज होतात आणि तिसऱ्या दिवशी दीड किलोचा कॅमेरा हॉटेलवर राहायला लागतो.

विमानाचा हिशेबही इथेच घाला. मुंबईहून जाणाऱ्या बऱ्याच विमान कंपन्या इकॉनॉमीत ७ किलो केबिन सामान देतात. कॅमेरा, लेन्स आणि सगळ्या बॅटऱ्या केबिनमध्येच न्यायच्या असल्यामुळे रिकाम्या बॅगेचं वजनही महत्त्वाचं. जाड कप्प्यांची कॅमेरा बॅग रिकामीच दीड-दोन किलो भरते. साध्या पाठपिशवीत कॅमेऱ्यापुरता फोमचा कप्पा टाकला तर जवळजवळ एक किलो वाचतो, आणि आत कॅमेरा आहे हे बाहेरून कळतही नाही. पॅरिस, रोम, बार्सिलोनाच्या मेट्रोत ते बरंच.

सगळ्यात अंधारी जागा कुठली?

इथे बहुतेकांचे पैसे चुकीच्या ठिकाणी जातात, म्हणून जरा थांबू.

दिवसाउजेडी ए४ आकाराच्या प्रिंटवर गेल्या दहा वर्षांतल्या कुठल्याही दोन बॉडी ओळखू येणार नाहीत. फरक पडतो तो चर्चच्या आत, संग्रहालयात, रात्रीच्या बाजारात. युरोपातल्या जुन्या चर्चमध्ये नुसता खिडक्यांचा उजेड असेल तर एफ/२.८, १/३० सेकंद आणि आयएसओ ३२०० हे नेहमीचं गणित. एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड लेन्समधून आत येतो. ट्रायपॉड तिथे सहसा चालत नाही, फ्लॅशही नाही.

आता त्याच जागी तीन संच उभे करू. एपीएस-सी बॉडी आणि एफ/२.८ झूम: आयएसओ ३२००. फुल फ्रेम आणि एफ/४ झूम: आयएसओ ६४००. जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आणि किट लेन्स, जी झूम केल्यावर एफ/५.६ होते: आयएसओ १२८००.

फोटोतल्या दाण्यांच्या, म्हणजे नॉइजच्या बाबतीत फुल फ्रेम एपीएस-सीपेक्षा साधारण एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) पुढे असतो आणि मायक्रो फोर थर्ड्सपेक्षा दोन. म्हणजे दुसऱ्या संचाने सेन्सरमधून कमावलेला एक स्टॉप लेन्समध्ये घालवला. फोटो पहिल्यासारखाच येणार. फुल फ्रेम ए७ मार्क ४ वर सोनीची २४-१०५ एफ/४ लावली तर १,३२० ग्रॅमच्या पुढे जातं. एपीएस-सी ए६७०० वर २९० ग्रॅमची सिग्मा १८-५० एफ/२.८ लावली तर ७८३ ग्रॅम. लांबचं टोक कमी मिळतं हे खरं, पण अंधारात दोन्ही बरोबरीत. फुल फ्रेमचा फायदा खरोखर हवा असेल तर लेन्सही एफ/२.८ हवी: ए७सी मार्क २ आणि ४७० ग्रॅमची सिग्मा २८-७० एफ/२.८ मिळून ९८४ ग्रॅम होतात. पैशांची सोय असेल तर हा संच उत्तम.

तिसऱ्या संचाची गोष्ट वेगळी. कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० मुंबईतल्या अनेक घरांत आहेत. १५००डीचा आयएसओ ६४०० ला संपतो, ताणला तर १२८००, आणि तिथे चेहऱ्यांचा चिखल होतो. लोक त्यावर बॉडी बदलतात. त्याऐवजी डी३५०० वर २०० ग्रॅमची निकॉन ३५ मिलिमीटर एफ/१.८ डीएक्स लावली तर त्याच फोकल लेंग्थवर किट लेन्सपेक्षा अडीच स्टॉपहून जास्त उजेड मिळतो. नवी फुल फ्रेम बॉडी एकच स्टॉप देणार होती. कॅननवाल्यांसाठी ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम स्वस्त आणि १६० ग्रॅमच्या आसपास, पण १.६ च्या गुणाकाराने ती ८० होते आणि चर्चच्या आत भिंतीला पाठ टेकावी लागते. २४ मिलिमीटर एफ/२.८ एसटीएम १२५ ग्रॅमची आहे, प्रवासाला तीच सोयीची.

बॉडीतल्या स्थिरीकरणाबद्दलही भाबडी समजूत आहे. सेन्सर हलवून कंप शोषणारी बॉडी मूर्ती, छत, रंगीत काचा १/८ सेकंदालाही हातात टिपू देते. चालणाऱ्या माणसाला तिचा उपयोग शून्य, त्याला १/१२५ लागतंच. इमारती टिपणाऱ्याने ही सोय असलेली बॉडी घ्यावी. नातवंडांमागे धावणाऱ्याने तेच पैसे लेन्सवर घालावेत. आर८ मध्ये ही सोय नाही, ए६७००, ए७सी मार्क २, एक्स-टी५ आणि ओएम-५ मध्ये आहे.

बॅटरी, कार्ड, शटर

डीएसएलआरची बॅटरी अजूनही राजा. प्रमाणित चाचणीत डी७५० एका चार्जवर १,२३० फोटो देतो, डी३५०० तर १,५५०. आरसा नसलेल्या नव्या, मिररलेस कॅमेऱ्यांत ए७ मार्क ४ व्ह्यूफाइंडर वापरून ५२०, आर८ स्क्रीन वापरून २९० आणि व्ह्यूफाइंडरने त्याहून कमी. मोठी बॅटरी घेणाऱ्या बॉडीला एक जादा बॅटरी पुरते, छोटी घेणारीला तीन लागतात. म्हणजे आर८ चं हलकेपण थोडं बॅटऱ्यांत परत जातं. दुसरीकडे, नव्या बॉडी यूएसबी-सीवर चार्ज होतात. १५००डी होत नाही, त्याचा चार्जर आठवणीने घ्यावा लागतो. कॅमेऱ्याचे चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतात, अंगावर लिहिलेलं वाचून खात्री करा. पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो, जड ट्रान्सफॉर्मर नको.

सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत. १०० वॉट-अवरच्या आतल्या केबिनमध्ये नेता येतात, कॅमेऱ्याची मोठी बॅटरीही १६ च्या आसपासच असते. टोकांना चिकटपट्टी लावा किंवा प्लास्टिकच्या डबीत ठेवा. पॉवर बँक २०,००० मिलिअँपिअर-अवरची असेल तर ७४ वॉट-अवर होते, म्हणजे मर्यादेत. पण सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायला मनाई केली आहे. एमिरेट्सने जाताना एकच नेता येते. बॅटऱ्या घरूनच भरून निघा.

दोन कार्डांची बॉडी हवी का? लग्न टिपणाऱ्याला हवी. प्रवाशाला रोज रात्री फोन किंवा लॅपटॉपवर प्रत काढायची शिस्त असेल तर एक पुरतं, नसेल तर ए७ मार्क ४ किंवा एक्स-टी५ सारखी दोन खाचांची बॉडी घ्या आणि दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहायची सेटिंग लावा. २४ मेगापिक्सेलची रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल ३० एमबी धरली तर ६४ जीबीच्या कार्डात दोन हजारांच्या आसपास फोटो मावतात. २५६ च्या एका कार्डापेक्षा ६४ ची चार बरी.

शटरकडे कुणी बघत नाही. सोनी झेडव्ही-ई१ आणि झेडव्ही-ई१० मार्क २ यांत यांत्रिक शटर नाहीच. व्हिडिओला त्या छान आहेत, पण एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. कारण दिवे विजेच्या तालावर लुकलुकतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६०. जपानमध्ये तर गंमतच: टोकियोत ५०, ओसाका-क्योतोत ६०. व्हिडिओसाठी ५० हर्ट्झच्या गावात १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झच्या गावात १/६० किंवा १/१२० ठेवा. फोटोसाठी मूक (इलेक्ट्रॉनिक) शटर बंद आणि अँटी-फ्लिकर, म्हणजे लुकलुक टाळणारी सेटिंग चालू.

सहल कसली आहे?

युरोप, जपान, सिंगापूरची शहरी सहल: दोन बॉडी असतील तर लहान न्या. मोठीचा मोह टाळा.

आफ्रिकेची सफारी: इथे एपीएस-सी उलट फायद्याची. ४२९ ग्रॅमची कॅनन आर१० आणि ६३५ ग्रॅमची आरएफ १००-४०० मिळून १,०६४ ग्रॅम होतात आणि १.६ च्या गुणाकाराने ६४० मिलिमीटरची पोहोच मिळते. ती लेन्स पुढच्या टोकाला एफ/८ असल्यामुळे मसाई मारात सकाळी पहिला अर्धा तास आयएसओ चढतो, उन्हं वर आली की चिंता नाही. दुसरी बॉडी न्यावी अशी ही एकच सहल, कारण जीपमध्ये लेन्स बदलली की सेन्सरवर धूळ बसलीच. दुसरी बॉडी त्याच बॅटरीची असावी. नैरोबीहून छोट्या विमानाने जाणार असाल तर साधारण १५ किलोची मर्यादा असते, तीही मऊ बॅगेत आणि हातातलं धरून. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, लेन्स कापडात गुंडाळा.

आइसलँड किंवा नॉर्वेत अरोरा, म्हणजे आकाशातला ध्रुवीय प्रकाश बघायला जात असाल तर फुल फ्रेमचे पैसे वसूल. एफ/१.८ ते २.८ ची रुंद लेन्स, आयएसओ १६०० ते ३२००, ५ ते १५ सेकंद आणि ट्रायपॉड. पण दुकानातच लोकरी हातमोजे घालून बॉडीची बटणं दाबून बघा. नाजूक बॉडीवर एका वेळी दोन दाबली जातात. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, सुटी बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. बाहेरून आत येताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करूनच आणा, नाहीतर आतल्या भागांवर दव धरतं. बँकॉक-सिंगापूरला उलटं होतं: एसीतून बाहेर आल्यावर काच धुरकटते, अर्धा तास बॅगेतच राहू द्या.

कान्हेरीत रंगीत तालीम

निवड झाली की निघायच्या तीन-चार आठवडे आधी एक दिवस काढा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी या कामाला उत्तम. सोमवारी बंद असतात. पायऱ्या आणि चढ असल्यामुळे वजनाची खरी परीक्षा होते, आणि तीन क्रमांकाच्या चैत्यगृहात युरोपातल्या चर्चसारखाच अंधार मिळतो. प्रवासाला नेणार तेवढंच सामान घ्या. आत स्तूपाचे फोटो १/६०, १/३०, १/१५, १/८ अशा शटरवर प्रत्येकी पाच काढा आणि घरी शंभर टक्के मोठे करून बघा. पाचांपैकी चार स्पष्ट असलेला सर्वांत मंद आकडा ही तुमची हाताची मर्यादा. संध्याकाळी लोकलने परत या. गर्दीत पट्टा कुठे अडकतो आणि बॅगेची चेन मागून कुणाला उघडता येईल का, तेही कळेल.

भाड्याची बॉडी घेणार असाल तर याच दिवशी घ्या, निघायच्या आदल्या रात्री नाही. भाड्याच्या करारात परदेशात न्यायची परवानगी लेखी घ्या, मॉडेल आणि सिरियल नंबरसकट. बिल दुसऱ्याच्या नावाचं असलं की विमानतळावर हाच कागद कामाला येतो.

निघायच्या आधीचा आठवडा

फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायचं तर आठवडाभर आधी, शेवटच्या रात्री मुळीच नाही. सेन्सर तपासायला एफ/१६, आयएसओ १००, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर बॉडीचं तोंड खाली करून रबरी ब्लोअर मारा. डबाबंद हवेचा फवारा नको, त्यातला द्रव सेन्सरवर डाग पाडतो. ठिपके हलले नाहीत तर फोर्टात बोराबाजाराच्या बाजूला कॅमेरा दुरुस्तीवाले आहेत, पण एक-दोन दिवस हाताशी ठेवून जा. बॉडी पावसाळाभर कपाटात होती का? मग लेन्समधून टॉर्च मारून जाळ्यासारखी बुरशी बघाच.

घड्याळात तास पुढे-मागे करण्यापेक्षा टाइम झोनची सेटिंग बदला, फोनच्या फोटोंशी क्रम जुळतो.

विम्याचा कागद वाचा. प्रवास विम्यात एका वस्तूची मर्यादा बहुधा कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा खूप कमी असते आणि चोरीच्या दाव्याला तिथल्या पोलिसांचा रिपोर्ट लागतो.

महागड्या सामानासाठी कस्टम्सचं निर्यात प्रमाणपत्र घ्या. परतताना ‘हे बाहेर घेतलं का’ या प्रश्नाचं तेच उत्तर. बॉडी आणि प्रत्येक लेन्सचं मॉडेल, सिरियल नंबर आणि बिलाची प्रत अशी टाइप केलेली यादी दोन प्रतींत ठेवा. सामान हातात असायला हवं, कारण अधिकारी नंबर जुळवून बघतात. विमानतळावर चेक-इन काउंटरवरच कस्टम्सचा अधिकारी कुठे भेटेल ते विचारा, इमिग्रेशन पार झाल्यावर मागे येता येत नाही. त्यासाठी पाऊण तास जास्त धरा. धंद्याचं काम करायला, मोठा संच घेऊन जात असाल तर एटीए कार्ने (सामान तात्पुरतं नेऊन परत आणण्याचा कस्टम्सचा कागद) लागतं, ते भारतात फिक्की ही उद्योग संघटना देते.

सुरक्षा तपासणीत कॅमेरा, चार्जर, पॉवर बँक ट्रेमध्ये वेगळे काढायला सांगतात. म्हणून ते बॅगेत सगळ्यात वर. फिल्म कॅमेरा नेत असाल तर रोल हाताने तपासायची विनंती करा, नव्या सीटी स्कॅनरने फिल्म धुरकटते.

आणि बॉडी तिकडेच घ्यायचा बेत असेल तर सहलीच्या पहिल्या दिवशी घेऊ नका. अनोळखी मेन्यूत निम्मी सहल जाते. तिकडची वॉरंटी इथे चालेलच असं नाही, परतताना शुल्कमुक्त मर्यादेच्या वरच्या किमतीवर शुल्कही भरावं लागतं. ती मर्यादा बदलत असते, निघण्याआधी कस्टम्सच्या संकेतस्थळावर बघून घ्या. जपानमध्ये स्थानिक बाजारासाठीच्या सोनी बॉडीत अनेकदा फक्त जपानी मेन्यू असतो. पैसे देण्याआधी काउंटरवरच बॉडी चालू करून भाषेच्या यादीत इंग्रजी आहे का, ते तपासा.